थांबवून ठेवलेले गुरुजी

माझी नात ईरा यंदापासून शाळेत जात नाही. ती घरीच, संगणकासमोर बसून, स्वतःच्या गतीने शिकते. आज सकाळी देवपूजा आटोपून मी तिच्या खोलीत डोकावलो, तर पडद्यावर तिचे संस्कृतचे गुरुजी श्लोकाच्या मधोमध, तोंड उघडे आणि हात वर, असे थिजलेले होते. ईरा स्वयंपाकघरात पोहे खात होती.

"अगं, गुरुजींना असं ताटकळत ठेवतात का?"

"आजोबा, रेकॉर्डिंग आहे ते! त्यांना काय कळतंय?"

नेमके हेच मला सोसवत नाही. आम्ही संथा घेत असू, तेव्हा गुरुजी चरण म्हणत, मागोमाग आम्ही म्हणत असू, आणि कोणाचा स्वर घसरला की ते तिथेच थांबत. तो सुधारेपर्यंत पुढे जाण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. ईराचे गुरुजी मात्र तिच्या चुकांवरून प्रसन्न मुद्रेने पुढे जातात आणि शेवटी "छान!" म्हणतात. चूक तिच्या जिभेवर घर करीत आहे. विद्या आपल्या सवडीने घ्यावी, हे मलाही मान्य आहे. पण ऐकणारेच कोणी नसेल, तर चुकायचे तरी कोणाजवळ, असे मी तिला विचारले.

"मग तुम्ही ऐका," ती पोहे संपवून म्हणाली. "पण मधे टोकायचं नाही हं!"

पहिल्याच चरणात ती घसरली आणि मी टोकले. ती पाय आपटीत दारापर्यंत गेली. तिथूनच, माझ्याकडे न पाहता, तिने तो चरण पुन्हा म्हटला. तो पुन्हा चुकला. मी पुन्हा टोकले.