गाठीला घडवलेला उपास

‘काऊन?’ असं विचारल्याशिवाय माझ्या बायकोच्या मामांनी जगातली एकही गोष्ट मान्य केली नाही. मेहकरच्या शाळेत ते शास्त्र शिकवत. आमच्या लग्नात मामानं नवरीच्या पाठीशी उभं राहायचं, ते सोडून हे ऐन मंगलाष्टकांत माझ्या कानाशी आले. “जावईबापू, दिवा विझला की धूर येते, जळताना काऊन नाही येत?” आता अंतरपाटाआड उभा असलेला माणूस काय सांगणार, कपाळ?

धोतर ते भयंकर आवळून नेसायचे. कमरेवरची कातडी आधी पांढरी पडली, मग खरबरीत झाली आणि शेवटी तिथं न भरणारी, चिघळलेली गाठच उठली. गावातल्या डॉक्टरांनी कातडीचा कर्करोग सांगितला. नागपूरला जाऊन कापून घ्या म्हणाले. दुसरा कुणी डोक्याला हात लावून बसला असता. मामांना मात्र त्या गाठीचं नवलच वाटायला लागलं. कुठूनसं एक शास्त्रीय मासिक पैदा करून त्यांनी जर्मनीतल्या एका संशोधकाचा शोध वाचून काढला आणि मला समोर बसवलं.

“आपल्या पेशी हवेच्या जोरावर साखर पुरी जाळतात. ह्या गाठीतल्या पेशी हवा असून बी ती अर्धवट आंबवून सोडून देतात. म्हणून त्याइले साखर लय लागते.”

“मग?”

“मग काय. उपाशी मारतो तिले.”

झालं. साखर बंद, गूळ बंद, आंबा बंद. सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा कपाळाला लावून शेजाऱ्याच्या हातावर ठेवायचे. नागपूरचं नाव काढलं की म्हणायचे, “थांबा, प्रयोग चालू आहे.” आणि हा थोर प्रयोग करणारा माणूस ज्वारीच्या भाकरी चापून खायचा, अन् धोतर रोज त्याच जागी तितकंच करकचून आवळायचा! मला तर काळजीनं अन्न गोड लागेना. शेवटी मामीच एकदा वाढता वाढता म्हणाल्या, “गाठ तं तुमची मजेत आहे. वाळून तुम्हीच राह्यले.”

मी डॉक्टरांना घरीच घेऊन आलो. ते म्हणाले, “मास्तर, भाकरीचीही पोटात साखरच होते. आणि सगळंच सोडलंत, तर शरीर स्वतःचं मांस मोडून साखर करतं. तुम्ही संपाल, पण तिला मिळत राहील.”

मला वाटलं, मामा घाबरले. तर म्हणतात, “मांसाची साखर? कमाल आहे बुवा.” मग हळूच, “मंग काढाच तिले.”

नागपूरला गाठ निघाली. ती न दाखवताच फेकली म्हणून मामा तिथल्या डॉक्टरांशी भांडले. धोतराच्या काचानंच हे झालं, आता सैल काहीतरी वापरा, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा कुठे हे नरमले.

अकोल्यापर्यंत आगगाडीनं आलो; तिथून मेहकरला येताना मोटार खूप हादरत होती. जखमेला धक्का लागू नये म्हणून मी त्यांना धरून बसलो होतो. वाटेत ते एकदम म्हणाले, “माह्याच कातडीच्या पेशी होत्या, जावईबापू. इतके वर्षं मीच त्याइचा गळा आवळला. कसंबी करून जगायची वाट काढली त्याइनं. त्याइले वैरी कसं म्हणू?”

मामांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली, पण त्यांचा तो प्रश्न मी अजून मनाशी घोळवतो. त्या दिवशी मात्र उत्तराची गरज वाटली नाही. आपला माणूस जिवंत घरी येतोय, एवढंच कळत होतं, आणि मेहकर येईपर्यंत मी हात काढला नाही.