सोनियाचा बटाटा

नबीला मॅडमच्या ऑनलाइन वर्गात चौघाचौघांचे गट होते. प्रत्येकानं धड्याचा एक भाग वाचायचा आणि बाकीच्या तिघांना शिकवायचा. आज साहेब वर्ग तपासायला ऑनलाइन आले, आणि नेमकी तेव्हाच वेल्ह्याच्या सोनियाची रेंज गेली.

"ही मुलगी वर्गात नसतेच. नाव कमी करा," साहेब म्हणाले.

"तिचा भाग तिच्या गटाला विचारा," मॅडम कशाबशा म्हणाल्या.

"बटाटा म्हणजे काय?" साहेबांनी सोनियाच्या भागातलं विचारलं.

"मूळ हाय. उपटला की मातीतनंच निघतो," गटातला कुमार म्हणाला. रत्ना आणि अजहरनंही शब्दन् शब्द तेच सांगितलं.

"साफ चूक. बटाटा खोड आहे."

एकाएकी मॅडमचा आवाज चढला.

"चूक आहे, साहेब. पण मी त्यांना बटाटा अजून शिकवलेलाच नाही. सोनियानं शिकवलाय, याच वर्गात."