चाळलेला भुसा

सुताराला कुणी भुशाबद्दल शिकवायला जाऊ नये, असं मिस्त्रींचं म्हणणं होतं आणि चाळीस वर्षांत कुणी गेलंही नव्हतं. पुढच्या खोलीत कारखाना, मागच्या दोन खोल्यांत संसार आणि त्यामागे परसात बायकोच्या आठ कोंबड्यांचं खुराडं. ते मिस्त्रींनीच बांधलेलं, सांधे असे की सुई आत जायची नाही. पण बांधून दिल्यावर त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. कोंबड्या हे बायकोचं खातं होतं.

ते खातं आता त्यांच्या गळ्यात पडलं होतं. बायको नऊ दिवस दवाखान्यात होती. आधी नुसता खोकला, मग चार पावलांत धाप, आणि एका सकाळी कारखाना झाडता झाडता ती खाली बसली ती उठेचना. फुप्फुसं खराब होताहेत एवढं डॉक्टरबाईंना दिसत होतं. कशानं, ते कळत नव्हतं, आणि ते कळेपर्यंत आम्ही अंधारात दगड मारतोय, असं त्या म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, घरात कुणी विडी ओढतं का, धूर असतो का, धूळ असते का. मिस्त्रींनी ताठ मानेनं सांगितलं की धुळीचा कणही नसतो, ही दिवसातून तीनदा झाडते. कागदावर व्यवसायापुढे ‘घरकाम’ असं लिहून डॉक्टरबाई पुढच्या खाटेकडे गेल्या. मिस्त्री खोटं काहीच बोलले नव्हते. एवढा हुशार माणूस, पण आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

बायकोला बोललं की दम लागे. तिनं गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटावर लिहून दिलं. पाणी दोनदा बदला. लंगडीचे दाणे वेगळे ठेवा. खालचं जुनं काढून नवा भुसा घाला. लंगडी म्हणजे तिची सगळ्यात म्हातारी कोंबडी, अंडी कधीच बंद झालेली, पण रुबाब मालकिणीचा. पाकीट हातात देताना बायको एवढंच म्हणाली, “मी येईपर्यंत सांभाळा.”

ते ‘येईपर्यंत’ मिस्त्रींच्या मनात अडकून बसलं. कोंबड्या धड राहिल्या तर ही धड घरी येईल, असं त्यांनी मनाशी धरलं. कुणाला सांगितलं नाही, लोकांनी वेड्यात काढलं असतं.

मग त्यांनी भुशाचं काम मनावर घेतलं. शेजारचे निवृत्त पोस्टमन भिंतीवरून सल्ले टाकायला उभेच होते. वाळू घाला म्हणाले, मिस्त्री म्हणाले थंड पडते. पेंढा घाला म्हणाले, तो ओला झाला की कुजतो. रद्दीचे कागद म्हणाले, तर कोंबड्या घसरून पडतील. शेवटी मिस्त्रींनी खिशातलं पाकीट काढून दाखवलं. चिठ्ठीत भुसा लिहिलाय, विषय संपला. आणि भुशाचं बोलायचं तर घरातच खाण होती.

त्यातही त्यांनी निवड केली. रंध्याखाली पडलेली जाड, गुंडाळलेली सालपटं पायांना टोचतील म्हणून बंबात घातली. यंत्राच्या करवतीखालचा बारीक भुसा घेतला आणि तोही स्वयंपाकघरातल्या पिठाच्या चाळणीनं दोनदा चाळला. पावडरीसारखा मऊ झाला. खुराड्यात चार बोटं जाड थर पसरून मिस्त्रींनी तळव्यानं तो सारखा केला. आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या कामात आपण काहीतरी केलं, या समाधानात ते त्या दुपारी पोटभर जेवले.

तिसऱ्या दिवशी कोंबड्या शिंकायला लागल्या. कोंबडी शिंकते हेच मिस्त्रींना नवीन होतं. चौथ्या दिवशी अंडी नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी लंगडी कोपऱ्यात मान ताणून, चोच उघडी टाकून श्वास घेत होती. असा श्वास त्यांनी रोज दवाखान्यात पाहिला होता.

पोस्टमन भिंतीला वळसा घालून आत आले. मूठभर भुसा उचलून त्यांनी फुंकर मारली, तर दोघांच्या मध्ये धुकं झालं.

“मिस्त्री, हा लाकडाचा. वहिनी भुसा म्हणतात तो भाताचा, तूस. दर महिन्याला गिरणीतून पोतं मीच आणून देतो त्यांना.”

बायको भाताच्या गिरणीवाल्याची मुलगी. तिच्या माहेरी भुसा म्हणजे तूस, एवढं चौतीस वर्षांत मिस्त्रींना ठाऊक नव्हतं. ते ओशाळून काहीतरी पुटपुटले. पण पोस्टमनांचं चालूच होतं. ही जात उकरणारी, दिवसभर उकरणार, भुसा उडणार, छातीत जाणार. तुमची ती जाड सालपटं तरी चालली असती.

मिस्त्री ऐकत नव्हते. त्यांना कारखान्यातली संध्याकाळ दिसत होती. काम संपलं की ते चहाचा कप घेऊन बाहेर पायरीवर बसत, कारण झाडताना भुसा उडतो आणि त्यांना तो सहन होत नाही. आत ती झाडत असे. रोज, चौतीस वर्षं.

दोघांनी मिळून खुराडं खरवडून काढलं, तूस पसरलं. लंगडीला टोपलीत घालून पोस्टमन आपल्या घरी घेऊन गेले, पण चेहऱ्यावर त्यांच्याही भरवसा नव्हता. मिस्त्रींनी चाळलेल्या भुशाची एक पुडी बांधली आणि दवाखाना गाठला.

बायको उशीला टेकून बसली होती. तिनं पहिलं कोंबड्यांचंच विचारलं. भुसा घातलात का?

“घातला.”

“कुठला?”

मिस्त्रींनी पुडी उघडून तिच्यापुढे धरली. चाळून घातला, शिंकायला लागल्या, लंगडीचं काही खरं नाही, हे सगळं एका दमात सांगून टाकलं. बायको रागावेल, रडेल, असं त्यांना वाटलं होतं. ती पुडीकडे बघत राहिली.

“मलाही आधी शिंकाच यायच्या,” ती म्हणाली. “लग्नानंतर वर्षभर.”

“अगं, मग बोलली का नाहीस?”

“बोलले होते की. तुम्ही म्हणालात, सुताराच्या घरात भुसा असणारच.” तिला धाप लागली. थोडं थांबून ती म्हणाली, “मग सवय झाली.”

मिस्त्रींना ते वाक्य आठवत नव्हतं. आपणच म्हटलेलं असणार याबद्दल मात्र त्यांना जराही शंका नव्हती. त्यांना फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

डॉक्टरबाई फेरीवर आल्या तेव्हा ते उठून उभे राहिले. धुळीचं मी चुकीचं सांगितलं होतं, असं म्हणून त्यांनी पुडी पुढे केली. डॉक्टरबाईंनी भुसा बोटांत चुरून पाहिला, एकामागून एक प्रश्न विचारले, किती वर्षं, रोज किती वेळ, खिडक्या किती. मिस्त्री खाली बघून उत्तरं देत गेले. मग डॉक्टरबाईंनी पेन काढून कागदावर लिहायला घेतलं.

“बाई,” मिस्त्री म्हणाले, “तिथं वर घरकाम लिहिलंय ना, ते खोडा. सुतारकाम लिहा.”