टंगस्टनच्या आतला मळ

किन्हीराजा गावचा देवमन वाशिमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. बाप छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला. घरातला पहिला शिकलेला देवमनच. १९७३ पासून उन्हाळ्याची सुट्टी लागली की तो पीएच.डी.साठी एस.टी.नं नागपूर गाठायचा.

तिथल्या प्रयोगशाळेत हवा काढून बंद केलेल्या काचेच्या नळीत टंगस्टनची बारीक सुई असे. विजेचा दाब दिला की नळीच्या पडद्यावर सुईच्या टोकाचं मोठं चित्र उमटे. तिच्या एका बाजूला तांब्याचे अणू बसवायचे, सुई तापवायची आणि अणू दुसऱ्या बाजूला किती वेळात सरकतात ते मोजायचं. पण आकडा जुळेना. आज सहा मिनिटं, उद्या तेवढ्याच तापमानाला अकरा. तीन उन्हाळे असेच गेले.

"सुई बसवताना हात धुता ना?" मार्गदर्शक सरांनी चारचौघांत विचारलं. "तुम्हा लोकांना स्वच्छतेची सवय नसते."

देवमन पुन्हा सुई बसवायला लागला. वाशिमला घरी परतल्यावर मात्र जेवता जेवता ताटावरून उठला. बायको भागिरथानं खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं.

"अन् तुमी ऐकून घेतलं? कायले जाता मंग तिथं?"

"आकडाच चुकून राह्यला ना माहा! काय बोलू त्याईले?"

चौथ्या उन्हाळ्यात त्यानं तांबं घातलंच नाही. नवी सुई प्रखर तापवून साफ केली. पडद्यावर तिचं चित्र लख्ख उमटलं. सुई चार तास थंड ठेवली, काही बदललं नाही. मग चार तास मंद तापवली, तर चित्रावर काळे डाग. नळी उघडलेलीच नव्हती, म्हणजे मळ हातातून किंवा हवेतून आलेला नव्हता. टंगस्टनमध्ये मुरलेला कार्बन उष्णतेनं वर येत होता. तांबं बसवून पाहिलं. जितके डाग जास्त, तितका अणूंना सरकायला वेळ जास्त.

सरांनी वही चाळली. "बरोबर आहे. पण आपला विषय शुद्ध टंगस्टन आहे. जुने आकडे टाका, पहिल्यापासून करा."

"सर, ते हात धुण्याचं..."

"कुठलं?" सरांना आठवतही नव्हतं.

तरी देवमननं कार्बनसकट प्रबंध लिहिला. तो दोन वर्षं सरांच्या टेबलावर पडून राहिला. सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेले नवे मार्गदर्शक म्हणाले, विषय बदला.

१९७९च्या मे महिन्यात भागिरथानं विचारलं, "यंदा बॅग नाई भरली?"

"नाई."

"पण तुमीच शोधलं ना ते?"

"शोधलं! सांगू कोणाले?" तो तिच्यावरच ओरडला, आणि दिवसभर तिच्याशी बोलायची त्याला लाज वाटत राहिली.