बापूचे बैल आणि अमेरिकेची घासलेट कंपनी

आज सकाळपासून वारं अगदी पडलंय. आभाळ भरलेलं, पण थेंब नाही. अंगाला नुसती चिकचिक. असल्या दिवशी हात चालत नाही, तोंड मात्र चालतं. कराडच्या ठेसनाजवळ अमेरिकन कंपनीचा घासलेटचा डेपो होता, तिथं मी राखणदार होतो. रिकामे डबे कोपऱ्यात एकावर एक चढत जातात, तसे तिथले किस्से चढत गेले. डब्याच्या पत्र्याचं निदान दार तरी बनतं, बादली बनते. किश्शाचं काय करायचं? सांगून टाकायचं!

डेपोवर आम्ही तिघं. मी, वाईचे जोशी कारकून आणि बापू गाडीवान. बापू माझ्याच गावचा, उंब्रजचा. त्याच्या बैलगाडीतून डबे गावोगाव जायचे. आमच्यावर एक अमेरिकन साहेब. भला माणूस. राहायचा सांगलीला, विश्रामबागेत, अधूनमधून यायचा. त्याचं बोलणं जोशी मराठीत करून सांगायचे.

*

एकदा दसऱ्याला बापू आपट्याची पानं घेऊन साहेबासमोर उभा.

"सायेब, आधी मालकाला सोनं द्यायची रीत हाय. मालक कवा येनार?"

साहेब हसला. म्हणाला, मालक असा कुणी एक नाही. अमेरिकेत हजारो लोकांनी पैसा घातलाय, ते सगळे मालक. मी नोकर.

"त्यांनी ह्यो डेपो बगितलाय?"

"नाही."

"तुमी त्यास्नी बगितलंय?"

"नाही."

पाया पडायला वाकलेला बापू सरळ झाला. "मंजी तुमी बी आमच्यातलंच की रं गड्या!" म्हणून त्यानं साहेबाला अशी कडकडून मिठी मारली, की साहेबाची हॅट घासलेटच्या थारोळ्यात!

*

पेट्यांतून डब्यांच्या मधे जुनी अमेरिकन मासिकं कोंबलेली यायची. त्यातलं एक चित्र बापूनं साहेबापुढं धरलं.

"ह्ये गाव कुठलं?"

"गाव नाही, घर आहे. आमच्याकडच्या एका तेलवाल्या शेटजीचं. एकट्याचं."

बापू बराच वेळ खिडक्यांवर बोट फिरवत राहिला. पलीकडच्या पानावर माणसांची लांबलचक रांग. प्रत्येकाच्या हातात वाडगा.

"आन् ही पंगत? शेटजीकडं लगीन हाय व्हय?"

साहेब जरा खाकरला. म्हणाला, ते काम गेलेले लोक. फुकटचं सूप घ्यायला उभे आहेत. पण आमच्याकडे राजा नाही बरं का! मेहनत केली तर कुणीही शेटजी होतो!

बापूनं दोन्ही पानं पुन्हा बघितली. "खिडक्या लय हाईत," तो म्हणाला, "पर एक बी उगडी दिसंना."

*

कंपनीनं एकदा हुकूम काढला. एक डबा घेईल त्याला काचेची बत्ती फुकट! उंब्रजच्या बाजारात ही झुंबड! जो तो बत्ती घेऊन घरी. करडईच्या तेलाचे दिवे विझले, गावच्या तेल्याचा घाणा थांबला. घाणा थांबला अन् घासलेटचा भाव चढला!

लोक तेल्याकडं गाऱ्हाणं घेऊन गेले. तो ओट्यावर तंबाखू मळत बसला होता.

"चुकलं माझंच," तेली म्हणाला. "मी घरटी एक बैल फुकट वाटाया पायजे हुता. जल्मभर पेंड माज्याकडनंच घेतली असती की तुमी!"

*

मग लढाई लागली. पेट्रोल सगळं लष्कराला. आणि नेमकी तेव्हा कंपनीनं आमच्या डेपोला लॉरी धाडली! तीही कोळशावर चालणारी, पाठीला भट्टी बांधलेली. जोशी कपाळाला हात लावून म्हणाले, "तेलाची कंपनी, आणि गाडी कोळशावर!"

पण लॉरीबरोबर हुकूम होता. बैलगाड्या बंद. लॉरी फिरायला लागली, की बापूचं काम सुटणार. आणि काम सुटलं तर बैल पोसायचे कशावर? औंधला यमाईच्या यात्रेत विकायचे, एवढंच उरलं होतं. बापूला जेवण जाईना.

"सायेब, हुकूम तुमचा हाय का?"

"नाही. वरून आलाय."

"मग वर सांगा की."

"त्यांनाही वरून आलाय."

बापूनं मान मागं टाकून आभाळाकडं बघितलं. "लयच वरनं आलाय म्हना की!"

*

लॉरीची पहिली फेरी उंब्रजला निघाली ती नेमकी बेंदराच्या दिवशी, बैलांच्या सणाला. मुंबईहून थोरला अमेरिकन साहेब मुद्दाम आला होता. सणाला मी बापूच्या घरी होतो. बैलांची शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली, चुलीवर पुरण. तेवढ्यात जोशी धापा टाकत दारात. "बापू, लॉरी ओढ्याच्या चिखलात बसली! बैल आण!"

मागोमाग दोन्ही साहेब, गुडघाभर चिखलात माखलेले. थोरला म्हणाला, आणि जोशांनी सांगितलं, "आत्ता लॉरी काढलीस, तर तुझी गाडी चालू राहील. माझा शब्द!"

बापूची बायको घरातून म्हणाली, "आवं, व्हय म्हना की!"

बापूनं बैलांकडं बघितलं.

"उद्या तांबडं फुटायला जुपतो. आज बेंदूर. आज ह्यांच्या मानंवर जू ठेवत न्हाईत."

"बैल तुझेच ना?"

"माजंच. पर आज मी त्यांचा चाकर हाय."

थोरला साहेब लालबुंद झाला. म्हणाला, मग तुझी गाडी कायमची बंद!

"बरं," बापू म्हणाला. मग घोंगडं झटकून अंथरलं आणि म्हणाला, "आलाय तर जेवून जावा."

जाणार कुठं बिचारे? बसले. पुरणपोळीचा वास सुटला. ताट बाहेर आलं, तसा थोरल्यानं हात पुढं केला.

"थांबा!" बापूची बायको म्हणाली. "आधी त्यास्नी."

ताट बैलांपुढं गेलं. एवढ्या मोठ्या कंपनीचा थोरला साहेब बैलांचं होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसला. त्यातला एक बैल तर मुद्दाम सावकाश खात होता!

दुसऱ्या दिवशी पहाटे कुणी न सांगताच बापूनं बैल जुंपले आणि लॉरी काढून दिली. थोरला साहेब लॉरी सोडून बापूच्या गाडीत चढला आणि गाडीतनंच कराडला गेला. पुढच्या बाजाराला डबे बापूच्याच गाडीत भरले. कुणाच्या हुकमानं, ते जोशांनाही कळलं नाही.

ही सगळी हकीकत मी शेजारच्या हौसाक्काला सांगितली. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली, "आवं दादा, तिकडं अमेरिकेत गाडा वढनाऱ्याला आधी वाढत्यात, का मागनं?"