उजव्या कोपऱ्यातला मजकूर

प्रितम पहिल्यांदा माझ्याकडे आला तो भांडायला. २००८ साल होतं. पनवेलात उरण नाक्याजवळ माझा कॉम्प्युटरचा क्लास होता आणि तिथला एक थकलेला कॉम्प्युटर मी त्याला विकला होता. "मॅडम, हा चालू होईपर्यंत आमचा भात शिजतो," तो म्हणाला. मी, अरुंधती, जन्माची तापट. माझ्या वस्तूला नावं ठेवलेली मला खपत नाहीत. त्याच्यासमोरच मी त्यातलं विंडोज काढून टाकलं, लिनक्स घातलं आणि म्हटलं, "आता बघ चालतो का. आणि हवा तसा नटवून घे, यात सगळं बदलता येतं."

हे शेवटचं वाक्य मी उगीच बोलले. त्याला त्याचं वेडच लागलं.

लिनक्समध्ये पडद्याचा चेहरामोहरा आपल्या मनासारखा करता येतो. पट्ट्या कुठे असाव्यात, अक्षरं कुठली, आयकॉन कसले, घड्याळ गोल की चौकोनी, सगळं आपल्या हातात. असे नटवे जगभर आहेत. ते आपल्या पडद्याचं चित्र एका फोरमवर टाकतात आणि सोबत सगळ्या फाइलींचं गाठोडं ठेवतात, म्हणजे दुसऱ्याला तस्साच पडदा आपल्या घरी लावता येतो. मग एकमेकांची वाहवा. प्रितम त्यांच्यात जाऊन बसला. इंग्रजी बेताचं होतं, पण चित्रांना इंग्रजी कुठे लागतं.

तसा तो साधा माणूस. पळस्प्याजवळच्या गावातला आगरी. आजोबांपर्यंत मिठागरं होती, वडिलांच्या काळात जमिनी प्रकल्पात गेल्या, आणि प्रितम आयटीआय करून द्रोणागिरीच्या एका कंटेनर यार्डात मशीनवर लागला. मशीन म्हणजे घराएवढं धूड. ते कंटेनर उचलून एकावर एक रचतं, आणि खाली माणसं वावरत असतात. प्रितमने रचलेली थप्पी सुतात असायची. यार्डातले लोक नव्या पोरांना त्याची थप्पी दाखवायचे, असं तोच मला मोठ्या चवीने सांगायचा.

बायको निशा, जसईची. पनवेलच्या एका प्रसूतिगृहात नर्स, बहुतेक रात्रपाळी. हा दिवसा यार्डात. नवराबायकोची गाठ दारात पडायची, एक आत येताना, एक बाहेर जाताना. म्हणून प्रितमने पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात तिच्यासाठी जागा केली. एका फाइलीत ती चार ओळी लिहायची आणि त्या थेट वॉलपेपरवर उमटायच्या. खाली हा उत्तर लिहायचा. त्यांच्या घरी गेले असताना मी एकदा वाचलंय. तिचं होतं, 'डब्यात सुकट आहे, बसमध्ये उघडू नकोस.' त्याखाली याचं, 'उघडला. बस रिकामी झाली.' मला असले संसार आवडतात.

मग वेणू झाली. निशा बाळंतपणाला माहेरी गेली आणि तो कोपरा काही महिने रिकामा राहिला. त्यानंतर प्रितमने त्याचा विषय माझ्याकडे काढला नाही आणि मीही विचारलं नाही.

सुरुवातीला त्याचा पडदा म्हणजे गणपतीची आरास होती. वर पट्टी, खाली पट्टी, हवामान, गाणी, दोन दोन घड्याळं. पुढे दरसाल त्यातलं काहीतरी कमी व्हायला लागलं. वरची पट्टी गेली, मग खालची. घड्याळ कडेचं मध्ये आलं. शेवटी राहिला काळा पडदा आणि मधोमध ताटलीएवढ्या जागेत सगळा कारभार. बाकी नुसता अंधार. फोरमवरचे लोक त्यावर लट्टू. रिकामी जागा कशी वापरावी हे या माणसाकडून शिका, असं कुणीतरी लिहिलं, आणि प्रितमने ते मला तीनदा वाचून दाखवलं.

मला तो पडदा कधीच आवडला नाही. दर रविवारी माझ्या क्लासवर लिनक्सची चारदोन मंडळी जमायची, त्यांच्यासमोर मी त्याला सुनावलं, "अर्धी जागा वाया घालवतोस. एवढा मोठा मॉनिटर घेतलास कशाला?" तो हसला. "मॅडम, कडेला काय ठेवलं की मला गर्दी वाटते."

त्याच सुमारास त्याने मोटारसायकल विकली. अंधार पडला की समोरच्या ट्रेलरचे दिवे डोळ्यांत घुसतात म्हणे. यार्डात दोनदा मशीन दिव्याच्या खांबाला घासलं, तर खांबच चुकीच्या जागी आहे म्हणून हा साहेबांशी भांडला. आम्ही सगळे खांबाला हसलो.

२०१२च्या दिवाळीनंतर त्याचा नवा पडदा फोरमवर त्या महिन्याचा सर्वोत्तम ठरला. मी क्लासवर बसून तो मोठा करून बघत होते, आता यात आणखी काय गाळलंय म्हणून. तर उजव्या वरच्या कोपऱ्यात काळ्यावर करडी, पुसट अक्षरं दिसली. देवनागरी. मी आणखी मोठं केलं.

'मी वेणूला घेऊन जसईला जाते. वर्षभर लिहितेय, एका ओळीचं उत्तर नाही. मी नको झाले असेन तर तसं सांग. तू येऊन बोललास तरच परत येईन.'

खाली अभिप्रायांची रांग. एकाने विचारलं होतं, कोपऱ्यातली ही सुंदर लिपी कुठली? दुसऱ्याने तर गाठोडं उतरवून आपल्या घरी लावलंसुद्धा, आणि स्वतःच्या टेबलाचा फोटो टाकला होता. पोलंडमधली कुठली तरी खोली, कॉफीचा मग, आणि पडद्याच्या कोपऱ्यात आमची निशा.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बायको घर सोडून जाते आणि हा तिचं जाणं नक्षी म्हणून जगाला वाटतो. मी क्लासला कुलूप लावलं आणि रिक्षा केली.

घरी ओट्यावर त्याची आई गंगाबाई वाल सोलत बसली होती. "आठवडाभर जाते बोलली निशा," ती म्हणाली, "तीन आठवडे झाले. हा जात नाय, ती येत नाय. तुमीच सांगा आता." तेवढ्यात प्रितम बाहेर आला. मी चपला न काढताच सुरुवात केली. लाज, शरम, जे तोंडाला आलं ते बोलले.

तो गोंधळला. "मॅडम, ती मला न सांगता गेली. फोन केला तर उचलत नाय. मग मी कशाला जाऊ मागं?"

"न सांगता? आणि ते लिहिलंय ते?"

"कुठे लिहिलंय?"

मी त्याला हाताला धरून कॉम्प्युटरसमोर बसवलं. "हे काय." तो पडद्याकडे बघत राहिला. "कुठे?" मला वाटलं नाटक करतोय. "उजवीकडे. वर." मग त्याने मान वळवली, थोडी वर नेली, परत खाली आणली, पुन्हा वर. हातातून निसटलेला स्क्रू जमिनीवर शोधावा तसा तो कोपरा शोधत होता. वीतभर अंतरावरचा. मजकूर सापडला तेव्हा त्याने तो दोनदा वाचला आणि खुर्चीची कड घट्ट धरली.

"हे कधी लिहिलं तिनं?" त्याने विचारलं. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी भीती आली.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे यायला तो तयार नव्हता. यार्डात दरवर्षी तपासतात, तक्त्यावरची शेवटची ओळ मी बिनचूक वाचतो, हेच पालुपद. मी त्याला ओढत नेला. डॉक्टरांनी तक्ता वाचायला लावला, त्याने खरंच शेवटची ओळ वाचली आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मग त्यांनी त्याला एका पांढऱ्या घुमटासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं. आत कुठे ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी बाजूला उभी होते. ठिपके चमकत होते आणि प्रितमचा अंगठा स्वस्थ होता.

मधली दृष्टी शाबूत आहे, कडेची गेली, डॉक्टर म्हणाले. हळूहळू गेली म्हणून कळली नाही. आजार जन्माचा आहे, पुढेही वाढत जाईल, औषध नाही. गाडी आणि अवजड मशीन आजपासून बंद. त्यांनी कागदावर निघालेलं चित्र दाखवलं: सगळं काळं आणि मधोमध छोटा उजेड. प्रितम त्याच्याकडे बघत बसला. ते चित्र आम्ही दोघांनीही ओळखलं.

बाहेर पायऱ्यांवर तो थांबला. "मॅडम, म्हणजे ती माझी आवड नव्हतीच. ते लोक चांगलं चांगलं बोलले, ते या आजाराला बोलले."

मला तो पडदा कधीच आवडला नव्हता, आणि त्या क्षणी तो आवडला असता तर काय वाटेल ते दिलं असतं. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. चल, चहा घेऊ, एवढंच म्हणाले.

चहावर आमचं भांडण झालं. यार्डात कुणाला सांगू नका, म्हणाला. तक्ता वाचता येतोय तोवर कुणाला कळणार नाय. पहिली निशा घरी येऊ दे, मग बघू. मी म्हटलं, खाली माणसं असतात, तुला कळतंय का? तो म्हणाला, "मॅडम, मशीनवरून उतरलो तर ती कशाला येईल माझ्याकडं?" यावर मी खूप बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही ड्युटीवर गेला. ते दोन दिवस फोन वाजला की तो यार्डातूनच असेल असं मला वाटायचं.

रविवारी आम्ही जसईला गेलो. निशाचे आईवडील मला बघून मागच्या पडवीत गेले. निशाने चहा आणला आणि कप प्रितमच्या उजव्या हाताशी ठेवला. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. हात हलला आणि कप खाली गेला.

"नसेल प्यायचा तर नको पिऊ," ती म्हणाली.

त्याने सगळं सांगितलं. डॉक्टर, घुमट, काळं चित्र. त्याला नीट सांगता येत नव्हतं, मध्ये मध्ये मी भर घातली. निशाचा विश्वास बसला नाही. "रोज त्या कॉम्प्युटरसमोर बसून एक एक रेघ सरळ करतोस, आणि माझं लिहिलेलं दिसलं नाय? वेणू पहिल्यांदा बाबा बोलली ते लिहिलं होतं. माझ्या छातीत गाठ लागली, तपासायला जायचं होतं, तेपण लिहिलं. तोंडानं बोलवत नव्हतं म्हणून लिहिलं. दुसऱ्या दिवशी तू डबा घेऊन गेलास."

"काय निघालं?" प्रितमने विचारलं.

"काय नाय निघालं. आठ महिने झाले त्याला. आता विचारतोस."

"मला वाटलं, वेणू झाल्यापासून तू लिहायचंच सोडलंस. तुझ्याकडं मला सांगण्यासारखं काय उरलं नाय असं वाटलं. मग मीपण सोडलं."

निशा सांडलेला चहा पुसायला लागली. मला ते बघवेना आणि जे सांगायचं नाही असं मी ठरवून आले होते तेच सांगून बसले. म्हटलं, निशा, तो खरंच बोलतोय. दिसलं असतं तर त्याने ते गाठोड्यात बांधून पाठवलं असतं का? लोकांनी ते उतरवून घेतलंय. पोलंडमधल्या एका माणसाच्या पडद्यावर तुझी अक्षरं आहेत, आणखी किती ठिकाणी असतील देव जाणे.

"म्हणजे सगळ्या जगानं बघितलं," निशा म्हणाली. "तूच नाय."

मग ती उठून त्याच्यासमोर बसली. गुडघ्याला गुडघा लावून, नर्सच्या आवाजात म्हणाली, "माझ्या नाकाकडं बघ. मान हलवायची नाय. बोटं दिसली की सांग." तिने दोन्ही हात बाजूला पसरले आणि बोटं हलवत हळूहळू आत आणायला सुरुवात केली. प्रितम तिच्याकडे बघत होता. हात खांद्यांशी आले. तो गप्प. हात मानेशी आले. ती थांबली, आणि मला दिसलं की हात आणखी आत न्यायचं तिचं धाडस होत नाहीये. शेवटी बोटं तिच्या स्वतःच्या कानांना टेकली तेव्हा तो म्हणाला, "हां. आता."

हात तसेच कानांवर ठेवून ती रडायला लागली. मी खिडकीकडे तोंड केलं. मला त्या दोघांचीही फार दया आली, आणि राग कुणावर काढावा ते कळेना.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "आणि मशीन?"

तो जमिनीवर पडलेला कप चाचपायला लागला.

"कालपण चढलास?"

"हां."

"हे सगळं ठाऊक असून?"

"मला दुसरं काय येतं, निशा? उतरवलं तर मी काय करू?"

मला वाटलं आता ती काहीतरी धीराचं बोलेल. तिने डोळे पुसले, त्याच्या खिशातला मोबाइल काढला आणि त्याच्या चेहऱ्यासमोर, अगदी मधोमध धरला. "मला नाय ठाऊक काय करशील. पण खाली कुणाची तरी पोरं असतात. साहेबांना फोन लाव. तू फोन लाव, मी पिशवी भरते."

प्रितमने फोन हातात घेतला. मग लावला. साहेबांनी उचलल्यावर त्याने पहिलं वाक्य तीनदा सुरू केलं. तिसऱ्यांदा ते पुरं झालं, आणि आतल्या खोलीत निशा वेणूच्या कपड्यांच्या घड्या घालायला लागली.