टकटकमामांचा न हलणारा काटा

रंगकारखान्याच्या बॉयलरघरात वाफेचा दाब दाखवणाऱ्या गेजच्या काचेवर नखाने दोनदा टकटक केल्याशिवाय त्या माणसाने एकतीस वर्षांत वहीत एकही आकडा लिहिला नाही. कामावर आल्यावर टकटक, निघताना टकटक, मधे तासातासाला टकटक. अख्खा कारखाना त्यांना टकटकमामा म्हणायचा. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक.

त्या टकटकीला कारण होतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका सकाळी काटा सातावर मुकाट उभा होता. जोडीदार म्हणाला, "काय गुणी बॉयलर आहे बघ, जागचा हलत नाही." मामांनी सहज नख मारलं, आणि काटा टुणकन उडून तांबड्या पट्ट्यात जाऊन बसला. आतल्या आत अडकला होता मेला! बॉयलरखालची आग विझवेपर्यंत दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून नव्या माणसाला मामा पहिल्या दिवशी एवढंच सांगत, "चालू बॉयलरचा काटा थरथरतो. गप्प बसला की वाजवून बघायचा."

घरीही माणूस तसाच. कुलूप लावलं की तीनदा ओढणार, गॅस बंद केला की परत मागे फिरणार. मामी म्हणायच्या, "यांच्याबरोबर पळून जायचं ठरवलं असतं, तर यांनी आधी गाडीची चारी चाकं तपासली असती. तोवर माझा बाप येऊन पोहोचला असता."

मामींचं दुखणं वेगळंच होतं. कारखान्याच्या क्वार्टरची मागची भिंत म्हणजे बॉयलरघराचीच भिंत. थंडीत ऊबदार, उन्हाळ्यात तवा. ओला टॉवेल टेकवला की पंधरा मिनिटांत कडक. आणि दिवसरात्र ती घुर्रघुर्र. "या भिंतीला पाठ लावून इतकी वर्षं भाजून निघाले," त्या म्हणत, "आता मला थंड भिंतीचं घर हवं." निवृत्त झालं की क्वार्टर सोडावंच लागणार होतं, म्हणून मामा पोटाला चिमटा काढून त्या घरासाठी पैसे साठवत होते.

ते कुठे ठेवायचे, हे विचारायला त्यांनी बहिणीच्या मुलाला बोलावलं. भाचा गुंतवणुकीची कामं करायचा.

"शेअर नको," तो टेकायच्या आधीच मामांनी बजावलं.

"शेअर नाहीच, मामा. डेट फंड. सगळ्यांचे पैसे एकत्र करून सरकारला, कंपन्यांना उसने द्यायचे. त्यांचं व्याज आपल्याला."

"आणि त्यांनी हात वर केले तर?"

"मामा, तुम्ही ना, पेलाभर पाण्यातसुद्धा तळ चाचपता!"

भाच्याने दोन फंड दाखवले. एकात बहुतेक सरकारी रोखे. बाजारातले व्याजदर हलले की भाव थोडा खालीवर व्हायचा. दुसरा लहानसहान कंपन्यांना कर्ज देणारा, व्याज दीड टक्का जास्त. मामांनी लगेच हो म्हटलं तर ते मामा कसले! तीन महिने त्यांनी दोन्हींचे रोजचे भाव बॉयलरघरातल्या तांबड्या पेन्सिलीने वहीत उतरवले. पहिला आज चार पैसे वर, उद्या तीन पैसे खाली. दुसरा मात्र रोज केसभर वर, ना धक्का ना हिसका.

"हा बघ. कसा शहाण्यासारखा चाललाय."

"मामा, पहिलाच घ्या. फार तर निम्मं-निम्मं करा. दुसऱ्यातल्या कंपन्या जरा अशक्त आहेत."

"अशक्त असत्या तर काटा हलला असता," मामा म्हणाले, आणि सगळी पुंजी दुसऱ्यात टाकली.

तीन वर्षं रोज सकाळी चहाबरोबर ते फोनवर भाव बघत. केसभर वर. निवृत्तीला चार महिने उरले तेव्हा दोन खोल्यांचं तळमजल्यावरचं घर ठरलं. घरमालकीण निवृत्त शिक्षिका, लेकीकडे राहायला जाणारी. पैशांसाठी महिनाअखेरपर्यंत थांबते म्हणाली. मामींनी रिकाम्या खोल्यांच्या भिंतींना हात लावून पाहिला आणि बाहेर येऊन नुसत्या हसल्या. त्याच संध्याकाळी त्यांनी भांडी जुन्या चादरींत बांधायला घेतली.

मामांनी पैसे काढायचा अर्ज टाकला त्याच्या आदल्या दिवशीच फंडाने दार लावून घेतलं होतं. पैसे देणं पुढील सूचनेपर्यंत बंद, असा फोनवर निरोप आला. मामांनी तो बॉयलरसमोर उभ्या उभ्या सहा वेळा वाचला.

भाचा आला तो चेहरा पाडूनच. "पैसे बुडाले नाहीत, मामा. अडकलेत."

"कशात?"

"दोन कंपन्यांनी हप्ते चुकवले. बातमी फुटली आणि लोक एकदम पैसे काढायला धावले. फंडाकडे रोखे आहेत, पण घेणारं कुणी नाही. वसुली होईल तसे वाटतील. वर्ष, दोन वर्षं... आणि सगळेच येतील असं मी आता सांगणार नाही."

"अरे, पण रोज भाव वाढत होता! मी स्वतः बघत होतो!"

"त्या रोख्यांची खरेदी-विक्रीच होत नव्हती, मामा. बाजारात भावच ठरत नव्हता, मग हलणार कुठून? नुसतं व्याज धरून आकडा पुढे सरकत होता."

मामांचं नख आपोआप फोनच्या काचेवर गेलं. टकटक. आकडा होता तिथेच होता, पूर्णच्या पूर्ण. दिसत होता, हाताला लागत नव्हता.

"आता कशाला वाजवताय?" मामी दारातून म्हणाल्या. "तेव्हा वाजवायचं होतं."

मामांनी भाच्याला विचारलं, "तुझ्या आईचे कुठे आहेत?"

"तिथेच." भाचा चुळबुळला. "दादाने टाकलेत म्हणजे पारखूनच टाकले असतील, म्हणाली. माझं कुठे ऐकते ती!"

शिक्षिकाबाईंनी पंधरा दिवस वाढवून दिले. मग त्यांचाच नाइलाज झाला. घर दुसऱ्याला गेलं.

मॅनेजर मात्र खुशीत होता. मामांसारखा माणूस त्याला सोडायचाच नव्हता. "निवृत्तीनंतर एक वर्ष कंत्राटावर राहा. पगार थोडा कमी, पण क्वार्टर तेच. मग काय?" मामांनी कागद वाचला, उलटून पाहिला, पुन्हा वाचला. दुसरा कागद नव्हताच. सही केली.

घरी आले तेव्हा मामी जमिनीवर बसून गाठोडी सोडत होत्या. पातेली परत फळीवर, पेले परत खिळ्यांवर. मागच्या भिंतीतून घुरघुर चालूच होती. मामा शेजारी बसले आणि एका गाठीला नखाने भिडले. गाठ सुटेना. घट्ट बांधली होती, जायच्या घाईने.

"किती वर्षांची सही केली?" मामींनी विचारलं.

"एकच."

"तुमच्या फंडासारखं नाही ना? वर्ष, दोन वर्षं?"

मामा पुन्हा गाठीकडे वळले, तेव्हा मामींनी ते गाठोडं त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि दाराजवळ नेऊन ठेवलं.

"हे राहू दे बांधलेलं," त्या म्हणाल्या. "यातल्या भांड्यांवाचून माझं अडत नाही."